फुंकर

स्वॉन्सीला एका जुन्या चॅपलच्या तळघरात पाळणाघर होतं.
दारावर कागदी डॅफोडिल्स, आत ओल्या रेनकोटांचा वास,
चोवीस मुलं, पाच बायका
आणि एम्रिस.

एम्रिस आधी पोलादाच्या भट्टीवर होता,
बावीस वर्षं. भट्टी विझली
तेव्हा बाकीचे गोदामांत गेले, हा बाळांत आला.
मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग.
मुलं ते बोट लावून मोजायची,
सात झाले की पुन्हा एकपासून.

पहिल्याच आठवड्यात मी फॉर्म भरला.
'इतर सूचना' असा रकाना होता, दोन ओळींचा.
मी लिहिलं: केतकीची नॅपी बदलणं, तिला झोपवणं
पुरुषानं करू नये.
त्याचं नाव घातलं नाही.
नाव न घालणं मला सभ्यपणाचं वाटलं.
तिथं दुसरा पुरुष होता कोण?

मला कारण होतं.
ते मी इथंही पुरतं सांगणार नाही.
साताऱ्यातल्या शिकवणीचा एक जिना, एक सर,
नवव्या वर्षी पाठीवर ठेवलेला
आणि न उचललेला हात.
दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो,
आई म्हणायची. मी मान डोलवायचे.
ताकाला कुणी विचारत नाही.

मॅनेजरबाई म्हणाली, अर्थातच, अर्थातच.
इतकं सहज,
की माझा फॉर्म पहिला नसावा.

मग एका गुरुवारी मी लवकर पोचले.
काचेतून दिसलं: केतकी घसरगुंडीपाशी पडली,
गुडघा सोलला, तोंड उघडलं,
आवाज अजून यायचा होता.
एम्रिस तीन पावलांवर.
तो धावला.
आणि थांबला.
तिच्याकडे नाही, आधी खोलीभर पाहिलं त्यानं,
कुठली बाई मोकळी आहे.
शॅन दुसऱ्या खोलीत. कॅरिस हात धूत होती.
तोवर आवाज आला होता.

पुढचं मला नवऱ्यालाही अजून नीट सांगता आलेलं नाही.
तो तिच्यासमोर उकिडवा बसला.
दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट अडकवले,
आणि पुढं वाकून, हातभर अंतरावरून,
तिच्या गुडघ्यावर फुंकर घालू लागला.
गाल फुगवून. पुन्हा. पुन्हा.
बावीस वर्षं धगीसमोर श्वास राखून धरलेला माणूस.
केतकीनं दोन्ही हात वर केले होते,
घे म्हणून.

मी दार ढकललं. तो झटकन उठून बाजूला झाला.
म्हणाला, सॉरी.
मला म्हणाला!
मी नाही नाही म्हणत राहिले.
पुढचं वाक्य मराठीत सुचलं,
आणि इंग्रजीत उतरेपर्यंत
कॅरिस प्लास्टर घेऊन आली.

फॉर्म बदलायला मी सोमवारी गेले.
खरं तर त्याच्या पुढच्या सोमवारी. एक सोमवार
मी गाडीतच बसून घालवला.
एम्रिसनं नोकरी सोडली होती.
या कामात पुरुष टिकत नाहीत, मॅनेजरबाई म्हणाली,
जशी बाहेरच्या पावसाबद्दल बोलत होती.
रकान्यातली ती ओळ मी खोडली.
खोडलेलंही वाचता येत होतं.

जिना खरा होता. स्वप्नात अजून
त्याच्या अकरा पायऱ्या लागतात.
पण एम्रिस तो जिना कधी चढला नव्हता.
त्याला तिथं मी नेऊन उभं केलं,
निळ्या शाईच्या पेनानं, सुवाच्य अक्षरात.

केतकी आता बाहुलीशी खेळते.
बाहुली सोफ्यावरून पडते, मुद्दाम पाडलेली असते.
ती धावते. थांबते.
इकडंतिकडं पाहते.
मग हात पाठीमागे नेऊन उकिडवी बसते
आणि फुंकते.
अगं, उचल ना तिला, मी म्हणते.
ती माझ्याकडं बघते, मलाच काही कळत नसल्यासारखी,
आणि परत गाल फुगवते.